गाडी असताना पळायचं कशाला?

महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीला कारण लागतं. पंक्चर चालतं, पोलिसांनी अडवलेलं चालतं, पोराला उलटी झालेली तर फारच चालते. येणाऱ्या-जाणाऱ्या चार बायका थांबून आल्याचा तुकडा चोखायला द्या म्हणून सांगून जातात. उसाचा रस, वडापाव, घाटातली देवी, लघुशंका, ही सगळी सर्वमान्य कारणं. पण पांढरीशुभ्र, लांबलचक, खिडक्यांना पडदे लावलेली एक गाडी पौडच्या पुढे कोळवणच्या रस्त्यावर भातखाचरांशेजारी उभी आहे, तिची चाकं शाबूत आहेत, ड्रायव्हर शाबूत आहे, आत शेगडीवर काहीतरी शिजतंय आणि बाहेर एक मध्यमवयीन गृहस्थ सोललेलं केळं हातात धरून रिकाम्या रस्त्याकडे एकटक बघतोय, याला मुळशी तालुक्यात कारण सापडत नाही.

तो गृहस्थ मी. केळं मेहुण्याचं. मेहुणा मागे कुठेतरी पळतोय.

चाळिशीच्या सुमारास पुरुषांना काहीतरी होतंच. आमच्या वडिलांच्या पिढीला ॲसिडिटी व्हायची, आमच्या पिढीला मॅरेथॉन होते. लक्षणं आधी साधी असतात. पहाटे उठणं, मनगटावरचं घड्याळ झोपतानाही न काढणं, भाताला 'कार्ब्ज' म्हणणं. मग एक दिवस माणूस ४२.१९५ किलोमीटर पळून येतो आणि घरच्यांना वाटतं, चला, ताप उतरला. काहींचा उतरत नाही. मॅरेथॉनच्या पुढच्या कुठल्याही अंतराला अल्ट्रा म्हणतात आणि त्याला वरची मर्यादा नसते. माझा मेहुणा हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसण्याचा पगार घेतो आणि रविवारी त्याची भरपाई करतो. पौडहून निघायचं, कोळवण, हाडशी करत तिकोन्याच्या पायथ्यावरून पवनानगर गाठायचं आणि आल्या वाटेने परत, असा पन्नास किलोमीटरच्या वर जाणारा बेत त्याने आखला. तोही कशासाठी, तर पुढे याहून जास्त पळायचंय, त्याचा सराव म्हणून.

"दाजी, तुम्ही फक्त गाडीत बसायचं," तो म्हणाला.

सासरच्या माणसाने 'फक्त' म्हटलं की जावयाने पुढचं वाक्य नीट ऐकावं. पुढचं वाक्य होतं, "बाकी सगळं यादीत लिहिलंय." यादी चार पानी होती.

परदेशातल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंबरोबर घरच बसवलेली गाडी असते, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. आपल्याकडेही अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्यात. राज्य सरकारने तर २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणच केलं. आमच्या गाडीत पलंग, दोन शेगड्या, बेसिन, छोटा फ्रिज आणि कपाटाएवढं संडास होतं. बायकोने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "लग्नानंतरच्या आपल्या खोलीपेक्षा मोठी आहे." हे कौतुक की तक्रार, असं विचारण्याइतका मी आता नवखा राहिलेलो नाही.

कामाची रीत सांगायला सोपी. धावणाऱ्याच्या पाठीमागे घुटमळायचं नाही. चार-पाच किलोमीटर पुढे जाऊन थांबायचं, तो आला की खाऊ-पिऊ घालायचं, तो निघाला की पसारा आवरून पुन्हा पुढे. म्हणजे दहातले नऊ तास उभं राहण्यात जातात. पळणाऱ्याला निदान रस्ता तरी बदलत असतो. थांबणाऱ्याला गाव भेटतं.

गावाचा पहिला अंदाज शूटिंगचा होता. "व्हॅनिटी हाय ना ही? हिरो कोन?" शाळकरी पोरांचा घोळका जमला. मी म्हणालो, "मागून येतोय," आणि ते खरंच होतं. पोरं कठड्यावर ओळीने बसली. बऱ्याच वेळाने वळणावरून हिरो प्रकटला. आखूड चड्डी, छातीवर बांधलेल्या पाण्याच्या बाटल्या, नाकावर पांढरं मलम, घामाचं मीठ वाळून शर्टावर उमटलेले नकाशे. पोरांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. मग त्यांच्यातला एक जाणता हळूच म्हणाला, "व्हिलन असंल."

दुसरा अंदाज जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा. एक आजोबा शेळी घेऊनच आले. "कालधरनं काय खात न्हाय." मी डॉक्टर नाही, ही गाडी दवाखान्याची नाही, हे मी समजावत होतो. तेवढ्यात शेळीने मान लांब करून माझ्या हातातलं केळं सालीसकट नेलं. आजोबांचा चेहरा उजळला. "आला की गुण!" फी किती, हे त्यांनी दोनदा विचारलं. यादीप्रमाणे ते केळं अठराव्या किलोमीटरचं होतं.

पण सगळ्यात टिकाऊ अंदाज जमिनीचा. मोटारसायकल थांबली, पांढरा शर्ट उतरला, दोन फोन खिशात गेले.

"किती बघताय?"

"अजून दोन किलोमीटर मागे असेल," मी म्हणालो.

"गुंठं विचारतोय मी."

"नाही, आम्ही पळायला आलोय."

"सगळी आधी तसंच म्हनत्यात," तो समजूतदारपणे म्हणाला. "पहिल्यांदा पळायला येत्यात, मग शनवार-रईवार राहायला, मग कंपाउंड घालत्यात. रोड टच हाय, मागं ओढा, समोर तिकोना. सातबारा कोरा."

त्याला हसण्यात अर्थ नव्हता. रस्त्याकडेला थांबून शेताकडे बघणारी माणसं या तालुक्याने पुष्कळ पाहिली आहेत. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणासाठी मोजणीवाले आले. १९२१ च्या रामनवमीला इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला, सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले, तरी भातखाचरं बुडालीच. आणि त्यांच्यावर साठलेलं पाणी पश्चिमेला भिऱ्याकडे उतरून त्याची वीज मुंबईला गेली. मग पिरंगुटला कारखाने आले, मग बंगले, मग प्लॉट. जमिनीच्या पैशाने या भागाचं काय केलं, यावर प्रवीण तरडे यांनी २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' हा अख्खा सिनेमा काढला. तेव्हा अनोळखी गाडी थांबली म्हणजे काहीतरी विकलं जाणार, हा इथला कमावलेला निष्कर्ष आहे. नुसता पळायला आलेला माणूस त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पुढच्या वस्तीवर भाताची झोडणी चालली होती. खळ्यावरून एक आजी पदराने हात पुसत रस्त्यावर आल्या. मेहुणा नुकताच पाणी पिऊन पुढे गेला होता.

"कुनाचं पोरगं म्हनायचं?"

"माझा मेहुणा."

"मागं कोन लागलंय त्याच्या?"

"कोणी नाही, आजी."

"ही गाडी तुमचीच न्हवं? आत जागा न्हाय व्हय?"

"आहे की. पलंग आहे."

आजी गाडीला वळसा घालून आल्या. पलंग पाहिला, शेगडी पाहिली, संडास पाहून तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "मग गाडी असताना पळायचं कशाला?"

सकाळपासून प्रत्येक जण वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारत होता. आजींनी ते फक्त नीट मांडलं. मी म्हणालो, तब्येतीसाठी. "काय झालंय त्याला?" मी म्हणालो, मन शांत राहतं. "बायकूशी पटत न्हाय का?" शेवटी मी म्हणालो, आवड आहे. तेव्हा त्यांनी मायेने माझ्याकडे पाहिलं. "असू द्या. कुनाकुनाला असतं असं."

खरं म्हणजे आजींचा प्रश्न जागतिक आहे. १९२८ साली अमेरिकेत सी. सी. पाइल नावाच्या एका खटपट्या माणसाने लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी शर्यत काढली. पहिल्या येणाऱ्याला २५,००० डॉलर. १९९ जण निघाले, ८४ दिवस पळाले, ५५ पोचले. धावपटू तंबूत निजायचे आणि मिळेल ते खायचे. स्वतः पाइलसाहेबांनी मात्र खास बांधून घेतलेल्या ऐषारामी मोटारीतून तो देश पार केला. गाडी असताना पळायचं कशाला, हे शर्यतीच्या मालकालाच पटलेलं होतं. जिंकला तो अँडी पेन, ओक्लाहोमातल्या शेतकऱ्याचा वीस वर्षांचा मुलगा, आणि बक्षिसातून त्याने बापाच्या शेतावरचं कर्ज फेडलं.

ही गोष्ट मी खळ्यावर सांगितली. झोडणी थांबली. शेतावरचं कर्ज पळून फिटतं, हा विचार कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा सुटसुटीत होता. एका तरुणाने चपला काढून पायाचे पंजे वाकवूनही पाहिले.

"मग ह्ये पाव्हनं किती कमवायचे?" आजींच्या मुलाने विचारलं.

"आज काही नाही. आज सराव आहे."

"आन खऱ्या शर्यतीत?"

"तिथे आपणच पैसे भरायचे असतात."

झोडणी पुन्हा सुरू झाली.

आपल्याकडे हा ताप बऱ्यापैकी पसरलाय. पुण्याच्या मिशेल काकडे यांनी २०१५-१६ साली मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई जोडणारा सुवर्ण चतुष्कोन पायी पार केला. १९३ दिवस लागले आणि गिनीजमध्ये नोंद झाली. पुढे सुफिया खान यांनी तोच चतुष्कोन २०२०-२१ मध्ये १११ दिवसांच्या आत पळून पुरा केला. पुण्याच्याच आशीष कासोदेकरांनी २०२१-२२ मध्ये ६० दिवसांत रोज एक अशा ६० मॅरेथॉन केल्या, पण त्या गावात राहून. गाडीवाल्याच्या नजरेतून आदर्श धावपटू हाच. रोज एवढं पळूनही माणूस पुण्यातच सापडतो. बाकीच्यांच्या विक्रमात गाडी चालवणाऱ्यांनी किती महिने किती ठिकाणी उभं राहून काढले, याचा रकाना त्या पुस्तकात मला कुठे दिसलेला नाही.

आणि हे उभं राहणं मनाला सोपं नसतं. कॅनडाचा टेरी फॉक्स कर्करोगात पाय गेल्यावर १९८० साली कृत्रिम पाय लावून देशभर पळायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला आणि आजार उलटल्याने थांबला. त्याची गाडी त्याचा मित्र डग ऑलवर्ड चालवत होता. पुढे जाऊन थांबायचं, तो आला की पाणी द्यायचं, हेच काम. पहिल्या काही आठवड्यांत या दोघा जिवलगांचं इतकं बिनसलं की बोलणं बंद झालं, आणि ते मिटवायला टेरीच्या आईवडिलांना विमानाने यावं लागलं. आमच्यात सासूबाईंना पवनानगरला बोलवण्याची वेळ आली नाही, पण ती फार लांबही नव्हती.

कारण लांब पळणाऱ्याला भूक लागत नाही आणि त्याने खाल्लं नाही तर तो पडतो. रक्त सगळं पायांकडे धावत असतं, पोटाच्या वाट्याला फारसं येत नाही. तरी तासाला तीस ते साठ ग्रॅम तरी पिष्ट-साखर पोटात जायला हवी. नुसतं पाणी ढोसलं तर अंगातलं मीठ पातळ होऊन ते आणखी धोक्याचं. ही सगळी माहिती त्यानेच यादीत लिहिली होती, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर यादीतला प्रत्येक पदार्थ त्याने शत्रूसारखा नाकारला.

"खजूर?"

"नको."

"चिक्की?"

"दाजी, वास नको."

"उकडलेला बटाटा, मीठ लावून?"

"तुम्ही जरा गप्प राहता का?"

तेवढ्यात बायकोचा फोन. "खातोय ना तो?" एकीकडे न खाणारा भाऊ, दुसरीकडे त्याने खाल्लंय का विचारणारी बहीण आणि मधे हातात बटाटा घेतलेला मी. महागड्या जेलची पाकिटं होती, ती एक-दोन त्याने पिळली आणि परत दिली. त्यावर ट्रॉपिकल मँगो असं लिहिलेलं होतं. मुळशीतल्या कोणत्याही झाडावर तो आंबा लागत नाही.

परतीच्या वाटेवर आजींच्या वस्तीपाशी तो मैलाच्या दगडावर बसला आणि उठेना. आजींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि घरात गेल्या. आल्या त्या जर्मनचं पातेलं घेऊन. इंद्रायणी तांदळाची कोमट पेज, वर मीठ, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. त्याला कुणी विचारलं नाही, खाणार का म्हणून. वाटी हातात दिली. तो प्यायला. दुसरी मागितली. तांदळाचं पिष्ट, मीठ आणि पाणी. चार पानी यादीत जे ग्रॅमच्या हिशेबात लिहिलं होतं, ते पातेल्यात मोजमाप न करता शिजलेलं होतं, आणि त्याला गाईच्या शेणाने सारवलेल्या ओट्याची बैठकही होती.

ओट्यावर एक माळकरी बाबा बसले होते. त्यांनी एवढा वेळ एकही प्रश्न विचारला नव्हता. आता त्यांनी गाडीत डोकावून पाण्याची टाकी, शेगडी आणि गादी पाहिली.

"आमच्या दिंडीचा ट्रक असाच असतो," ते म्हणाले.

मी इतके तास परदेशातून उसना आणलेला खेळ समजावत होतो, आणि यांना तो ठाऊक होता. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. आज आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या वाटेवर लाखो माणसं चालतात, ती अशाच गाड्यांच्या भरवशावर. पहाटे दिंडी निघते, मागे उरलेले तंबू उतरवून ट्रकवर चढवतात, ट्रक चालणाऱ्यांना ओलांडून पुढे जातो, मुक्कामी जागा धरतो, टँकर लावतो, चुली पेटवतो. दिंडी पोचते तेव्हा पिठलं-भाकरी तयार असते. पुढे जाऊन थांबणं ही आपल्याकडे शिकलेली, मुरलेली विद्या आहे. आणि एसटी असताना चालायचं कशाला, हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही.

"किती वर्षं करता वारी?" मी विचारलं.

"ते कोन मोजतंय?" बाबा म्हणाले आणि मेहुण्याच्या घड्याळाकडे बघू लागले. ते किलोमीटर, ठोके, पावलं आणि चढ असं सगळं मोजत होतं.

"आन तुमचा पांडुरंग कुठं?" बाबांनी त्याला विचारलं.

मेहुण्याने जरा विचार केला. "पवनानगरला होता. तिथून परत फिरलो."

"वाटंत हाडशीला पांडुरंगाचं देऊळ लागलं असंल की. दर्शन घेतलं का?"

"हो, रस्त्यावरून नमस्कार केला." मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, "घड्याळ थांबवून."

बाबा खूश झाले. देवासाठी घड्याळ थांबवणारा माणूस त्यांच्या हिशेबात बसला. त्यांनी खळ्याकडे बघून हाक दिली, "दिंडीची गाडी हाय रे!" आणि आमची सकाळपासूनची अडचण संपली. कारण सापडलं होतं.

त्यानंतरचे शेवटचे किलोमीटर फार वेगळे गेले. अरुंद रस्त्यावर पेंढ्याने शिगोशिग भरलेली ट्रॉली समोरून आली. सकाळी अशाच ट्रॉलीसाठी आम्हाला बरंच अंतर मागे सरकावं लागलं होतं. आता ट्रॅक्टरवाल्यानेच शेतात चाक घातलं. गावागावांच्या हद्दीवर कुत्री हद्दीपर्यंत पाठलाग करून पुढच्या गावच्या कुत्र्यांच्या ताब्यात मेहुण्याला देत होती, त्यांना पोरं हुसकू लागली. दोन पोरं तर त्याच्याबरोबर पळतच आली, अनवाणी, गप्पा मारत. त्यातल्या एकाने त्याला विचारलं, "दमला का काका? आमची शाळा एवढीच लांब हाय." पांढरा शर्टवालासुद्धा मोटारसायकल हळू करून शेजारून गेला आणि म्हणाला, "पळा, पळा. जागा काय पळून जात न्हाय."

पौडला एसटी स्टँडच्या अलीकडे त्याने घड्याळ बंद केलं. मग गाडीत चढून त्या पलंगावर असा पडला की भाड्याचा एकेक रुपया वसूल झाला.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण पौडहून पुण्याला परत यावं लागतं आणि त्या दिवशी रविवार होता. मुळशीच्या पाण्याकाठी सकाळी गेलेलं अर्धं पुणं संध्याकाळी एकाच रस्त्याने घरी निघतं. पिरंगुटचा घाट कसाबसा उतरलो, भुकूम ओलांडलं आणि भूगावच्या अलीकडे गाडी थांबली. थांबण्यात मी दिवसभरात चांगलाच तयार झालो होतो, पण हे थांबणं वेगळ्या घराण्याचं होतं. पुढे लाल दिवे, मागे पिवळे दिवे. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी पोळीभाजीचा डबा काढला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तंबाखूची डबी उघडली.

पलंगावरून आवाज आला. "दाजी, किती राहिलं?"

मेहुणा बावधनला राहतो. "चार-पाच किलोमीटर," मी म्हणालो.

तो उठून बसला. पाय खाली टेकवताना त्याचा चेहरा वाकडा झाला. बूट चढवणं शक्य नव्हतं, म्हणून माझ्या चपला अडकवल्या, दाराला धरून उतरला आणि लंगडत गाड्यांच्या मधून चालू लागला. पन्नासच्या वर किलोमीटर पळालेला माणूस आता शंभर गाड्यांना मागे टाकत होता. दिवसभरात त्याचा हा एकच वेग गावातल्या कुठल्याही माणसाला पटला असता.

पोळीभाजीवाल्या बाईंनी काच खाली केली. "ते उतरून कुठे चाललेत?"

"घरी."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. मेहुण्याची अंघोळ झाली होती, पाय मिठाच्या कोमट पाण्यात होते. आता थांबणारा तो होता आणि त्याला ते काम फार आवडलेलं दिसलं.

"दाजी, कुठवर आलात? चहा टाकतोय तुमचा."

मी बाहेर पाहिलं. पोळीभाजीचा डबा संपून धुऊनही झाला होता.

"एवढ्यात टाकू नकोस," मी म्हणालो. "सकाळचं दूध येऊ दे."